टोपलीतली डबी

हिरव्या झाकणाची डबी, अंगठ्याखाली झाकली जाईल एवढी.

पाच बोटांचं पान.

गुरुवार, सकाळी सात वाजून वीस मिनिटं.

ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स…

‘मामी, काय आहे ते नाही सांगणार हं!’

चोळा. गप बसा.

मंगळवारी सकाळी पावणेअकराला, दुबईलगतच्या अल नहदातल्या चौदाव्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर एक पाय लांब करून बसलेल्या कुलसुमच्या डोक्यात हे सगळं एकदमच होतं, आणि त्यातल्या कशाला आधी हात घालावा ते न कळून तिनं रोजचंच केलं – पडद्यावरच्या डबीवर बोट ठेवलं. कोपऱ्यातल्या टोपलीवर लाल ठिपका उमटला, ठिपक्यात एकचा आकडा. तिचं दुकान… तिचं कसलं, रेहानचं. तिच्या मुलाचं, लेस्टरमधल्या एका खोलीतलं, आत जायला दार नसलेलं दुकान, ज्यात ती गेली दोन वर्षं रोज जाऊन येते.

चोवीस पौंड. ‘एकशे अठरा दिरहम, म्हणजे सत्तावीसशे रुपये – एवढ्याशा डबीला!’ हे ती रोज कुकरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते, आणि रोज तिला त्या किमतीचा थोडा अभिमानही वाटतो. कारण डबीतलं अर्धं तर तिचंच आहे. तिळाचं तेल, मेण, कापूर, आणि गावाकडे साखरतरच्या खाडीकाठी कुंपणाला माजते ती निगडी – पुस्तकात निर्गुंडी म्हणतात ती. लहानपणी रेहाननं तिला हे तेल आटवताना शंभरदा पाहिलेलं. त्याचं स्वतःचं त्यात एकच – सीबीडी. भांगेच्या झाडातून काढलेलं, पण नशा न आणणारं, तिथं राजरोस टपालानं घरपोच जाणारं… आणि इथं, या खिडकीच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, डबीच्या तळाला पुसट चिकटून राहिलं तरी माणसाला उठवून नेणारं.

औषधांच्या गोदामातली नोकरी गेली तेव्हा त्यानं चाळीस डब्यांवर सुरुवात केली. बँक कार्डाचे पैसे घेईना, जाहिरात कुणी लावेना. त्यातून नियम असा की दुखणं बरं होतं असं लिहायचं नाही. ‘अम्मी, दुखणं हा शब्द न वापरता सांग ना, काय होतं याच्यानं?’ म्हणून त्यानं फोन केला तेव्हा ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘काय व्हायचंय? चोळायचं नि गप बसायचं.’ तेच त्यानं इंग्रजीत करून डबीवर छापलं. लोकांना ते फार आवडतं म्हणे. तिला वाटलं होतं तो चेष्टा करतोय.

जहूरनं, तिच्या नवऱ्यानं, चेष्टासुद्धा केली नाही.

‘भांग विकतोय तुझा मुलगा.’ जहूर रागावला की रेहान तिचा एकटीचा होतो.

‘नशा नाही येत त्यानं. लॅबचे कागद आहेत त्याच्याकडे.’

‘कागद मला नको शिकवू, कुलसुम. तीस वर्षं लोकांचा माल सोडवून देतोय मी कस्टममधून. त्या मालाला इथं कागद चालत नाही. खलास. हा विषय या घरात नको.’

त्या दिवसापासून रेहान कॉस्मेटिकचा धंदा करतो. नणंदेला तेच सांगितलंय, शेजारच्या मनोरमाताईंना तेच. परवा लिफ्टमध्ये त्या म्हणाल्या, ‘कुलसुमभाभी, मग आम्हाला एखादी लिपस्टिक मागवा की!’

‘तो… पायाचं करतो.’

‘पायाची लिपस्टिक?’ आणि चौदा मजले दोघी हसत खाली आल्या, एकीला हसू आवरत नव्हतं म्हणून आणि दुसरीला ते आवरायची भीती वाटत होती म्हणून.

पुढचं पान. नाव: कुलसुम. ईमेल: त्यानंच काढून दिलेला. देश: – आणि इथं यादी उघडते. ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क, फ्रान्स… मोजके दहा-बारा देश. भारत नाही. अमिरात नाही. रोज ती यादीच्या तळापर्यंत जाते, एखाद्या शाळेच्या निकालात आपलं नाव नाही हे माहीत असूनही जावं तशी, आणि मग पडदा बंद करते. कधीतरी हे दुकानच उघडणार नाही, ‘हे पान या देशात बंद आहे’ असं येईल, ही धाकधूक असतेच. त्यामुळेही रोज जायचं. आणि खरी गंमत पुढे आहे: ती दुकानातून बाहेर पडली की दहा मिनिटांत, फार तर पंधरा, बोटिम ॲपवर रेहानचा फोन येतो – ‘अम्मी, गुडघा कसाय आज?’ तिकडे तेव्हा सकाळचे सात. झोपेतला आवाज. दोन वर्षांत क्वचितच चुकला असेल. मनोरमाताईंना तिनं सांगितलंय, बाकी जाऊ द्या, पण आईचं दुखणं मुलाला समुद्रापलीकडे कळतं.

आज मात्र तिनं पडदा बंद केला नाही.

कारण गेल्या गुरुवारी ती बोलून गेली होती. हसत, दात काढत: ‘तुझं तेल जगाला मिळतं रे, आईलाच तेवढं नाही.’ तो पलीकडून म्हणाला, ‘बघतो.’ बघतो! काय बघतो? आणि काल फिझाचा व्हॉइस नोट. फिझा म्हणजे जहूरच्या बहिणीची मुलगी, तिथंच लेस्टरला शिकते, गुरुवारी सकाळी सात-वीसच्या विमानानं सुट्टीला इथं उतरतेय. ‘मामी, रेहाननं तुमच्यासाठी काहीतरी दिलंय. माझ्या बॅगेत आहे. काय आहे ते नाही सांगणार हं! सरप्राइज.’

कुलसुमनं तिला फोन लावला. शब्द तर उच्चारायचा नव्हता. पोरीला घाबरवायचं नव्हतं, नणंदेला कळू द्यायचं नव्हतं, आणि फोनवर कोण काय ऐकतं कुणास ठाऊक.

‘केवढं आहे गं पुडकं?’

‘एवढुसं, मामी.’

‘जड आहे?’

‘छे, हलकं एकदम. नका ना विचारू, त्यानं शपथ घातलीय.’

एवढुसं. हलकं. एकोणीस वर्षांची पोर, एक गुलाबी बॅग, त्यात कपड्यांच्या घडीत… नाही, माझा मुलगा असा नाही. पण माझा मुलगा असाच आहे ना – शाळेत असताना माझं डोकं दुखतं म्हणून त्यानं स्वतःचा डबा देऊन कुणाकडून बाम आणला होता. प्रेमात अक्कल कमी पडते त्याची. मग मी तरी कशाला बोलले…

बाक थंड होता. सतरा वर्षं झाली, पण त्या बाकाचा थंडपणा मांडीला अजून कळतो. गावाहून येताना तिनं निगडीचा वाळवलेला पाला वर्तमानपत्रात बांधून आणला होता, जहूरच्या गुडघ्यांसाठी, इतक्या सहज की पापड आणावेत. विमानतळावर त्या माणसानं पुडी सोडली, एक पान उचलून उजेडात धरलं. पाच बोटं, भांगेच्या पानाला असतात तशी. मग तो तिच्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, मेडिसिन, मेडिसिन – तेवढंच इंग्रजी येत होतं मला, आणि नेमकं तेच नको होतं बोलायला. चार तास. कुणी ओरडलं नाही, उलट नऊ वर्षांच्या रेहानला कुणीतरी आंब्याचा रस आणून दिला. तो अर्धा पिऊन तिच्या मांडीवर झोपला, ओढणीचं टोक मुठीत धरून. जहूर ऑफिसातून धावत आला होता, काचेपलीकडून नुसता हात वर करून उभा. शेवटी एक चष्मेवाले गृहस्थ आले, त्यांनी पानाच्या कडेवरून बोट फिरवलं – कड सरळ, करवतीचे दाते नाहीत – पान चुरगळून हुंगलं, आणि हसले. झालं. घरी आल्यावर जहूर एवढंच म्हणाला, ‘इथं दुकानात तेल मिळतं, कुलसुम.’ तेव्हापासून बर दुबईतल्या आयुर्वेदिक दुकानातली सीलबंद बाटली.

रेहान त्याबद्दल कधीच बोलला नाही. झोपला होता तो. झोपलेल्या मुलाला काय आठवणार?

टोपलीखाली एक चौकट होती, ‘दुकानदाराला काही सांगायचं आहे?’ असं विचारणारी. दोन वर्षं ती तिथं होती आणि दोन वर्षं कुलसुमला वाटत होतं ती गिऱ्हाइकांसाठी आहे. तिनं एका बोटानं, इंग्रजी अक्षरांत, टाइप केलं: निगडी आठव. मग नाव, मग ईमेल, मग देश – आणि थांबली. बाहेर आली. गॅसवर आमटी ठेवली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून घड्याळाकडे बघत राहिली.

नऊ मिनिटं.

‘अम्मी, गुडघा कसाय?’

‘आहे जागेवर.’

‘तुझी चिठ्ठी मिळाली.’

तिनं गॅस बारीक केला. ‘कसली चिठ्ठी?’

‘टोपलीतली! पहिल्यांदाच काही लिहिलंस. एरवी नुसती डबी ठेवून जातेस.’

‘तुला… दिसतं ते?’

‘दुकानदार आहे मी, अम्मी. कुणी काय टोपलीत टाकलं नि न घेताच गेलं, ते सगळं येतं फोनवर. टुंग करून. तू नाव घालतेस, देशापाशी थांबतेस, जातेस. एव्हरी सिंगल डे. म्हणून तर फोन करतो ना – मॅडम, काही प्रॉब्लेम?’ तो हसला.

ती हसली नाही. म्हणजे ते टुंग होतं. समुद्रापलीकडे कळत होतं ते काळजाला नव्हे, खिशातल्या यंत्राला. दोन वर्षं जी गोष्ट तिनं उशाशी घेतली होती ती अशी आमटीच्या वाफेत विरून गेली, आणि मनोरमाताईंना आता काय सांगायचं… पण थांब. यंत्र टुंग करतं. यंत्र फोन नाही करत. सकाळी सातला, थंडीत, पांघरुणातून हात बाहेर काढून–

‘अम्मी? आहेस?’

‘निगडी आठवते का तुला?’

‘म्हणजे काय! डबीवर तेच तर पान आहे. लोकांना वाटतं ते दुसरं. मी सांगत नाही कुणाला. कड बघ ना, सरळ आहे.’

तिनं कड कधीच बघितली होती, पहिल्याच दिवशी. ‘आणि तो बाक?’

‘कुठला बाक?’

आता यावर काय बोलायचं, आणि कुठल्या शब्दांत? आमटीला उकळी आली. तिनं तोंड उघडलं तोच तो म्हणाला, ‘अम्मी, एक गंमत. तुमच्याकडून अजून एक गिऱ्हाईक येतं. दुबई. दुपारी एक-सव्वाएकला, शनिवार-रविवार सोडून. नाव नाही, ईमेल नाही. दोन डब्या ठेवतं, मग एक काढतं, मग जातं.’

कुलसुमनं पळी खाली ठेवली. एक वाजता जुहरची नमाज आटपून जहूर गाडीत बसून डबा खातो. एकटा. एसी चालू ठेवून.

‘असेल कुणीतरी,’ ती म्हणाली.

‘हो, असेल.’ पलीकडे तो पांघरुणातून उठल्याचा आवाज आला. ‘यल्ला अम्मी, निघतो, पोस्टात जायचंय. गुरुवारी फिझाला घ्यायला जा.’ आणि फोन गेला. विचारायचं ते राहिलंच.

संध्याकाळी दुबईच्या रहदारीतून दीड तास ब्रेकवर पाय दाबत जहूर आला, मगरीबची नमाज पढून सोफ्यावर बसला, आणि न सांगता विजार गुडघ्यावर सारली. तिनं सीलबंद बाटलीतलं तेल तळव्यावर घेतलं. त्याच्या शर्टाच्या खिशात फोन होता. ती त्या खिशाकडे अशी बघत होती, जसं एखाद्याच्या बंद डोळ्यांकडे बघावं.

‘दुपारी डबा खाल्ला?’

‘खाल्ला.’

‘किती वाजता?’

‘रोजचंच. एक. का?’

‘काही नाही.’

दोन ठेवतं, मग एक काढतं. कुणाची काढतं? स्वतःची की माझी? तीस वर्षं लोकांचा माल सोडवणारा हा माणूस, रोज दुपारी पोराच्या दुकानात चोरासारखा शिरतो आणि एक डबी परत ठेवून येतो… तिनं अंगठा वाटीखाली जोरात दाबला.

‘हळू गं बाई.’

‘गप बसा.’

तो चमकून बघायला लागला. मग नजर खिडकीकडे वळवली, आणि त्याच्या कानाची पाळी लाल झाली, या वयात.

‘गुरुवारी फिझाला आणायला मीपण येणार,’ ती म्हणाली.

‘तू? एवढ्या सकाळी? उभं राहवतं का तुला?’

‘बाकावर बसेन.’

त्यानं दुसरा गुडघा पुढे केला. भीती होती तशीच होती, हलकी, एवढुशी, गुलाबी बॅगेतल्या घडीत; पण सकाळपासून ती जिथं एकटी बसली होती तिथं आता जरा सरकून जागा करावी लागत होती – एका काचेपलीकडच्या हाताला, एका झोपलेल्या पोराला – आणि तेल चोळता चोळता कुलसुमला वाटलं की तो थंडपणा मांडीला तितकासा लागत नाहीये, किंवा लागतोय, पण…

दोन वर्षांपूर्वी दुकान उघडण्याच्या आदल्या दिवशी रेहानच्या संगणकावर, माल कुठंकुठं पाठवायचा त्या यादीत, जगातल्या सगळ्या देशांसमोर आधीच खूण केलेली होती, आणि त्यानं सगळ्यात पहिली पुसली ती अमिरातीसमोरची.