शेषगिरीचं डोकं आणि स्वामींचे नारळ

मंगळवारी संध्याकाळी तिरुवल्लिक्केणीतल्या आमच्या मराठी समाजाच्या सभागृहात निवृत्त स्टेशनमास्तर बाळकृष्णराव यांच्या टाळूवर नारळ फुटला, त्याची दोन शकलं झाली, आणि पाण्याचा एक थेंबही सांडला नाही.

सभागृहात दोनशे माणसं होती. मे महिन्यात मद्रासेत दोनशे माणसं एका छपराखाली न कुरकुरता बसतात ती एक तर गाण्याच्या कच्चेरीला, नाही तर चमत्काराला. बाळकृष्णरावांनी डोकं चाचपलं, डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं आणि जाहीर केलं, "गेलं."

"काय गेलं?" मागून कोणीतरी विचारलं.

"दुखणं. सहा वर्षांचं होतं."

श्रीश्री नारिकेळानंद स्वामींनी कोरडी शकलं वर धरून सभेला दाखवली. "वेदना तहानलेली असते," ते म्हणाले. "ती डोक्यात बसून पाणी मागते. आम्ही तिला नारळ दाखवतो. ती येते, पाणी पिते, तृप्त होते, जाते. यात आमचं काही नाही. आम्ही फक्त नारळ धरतो."

ज्यांना हे समजलं त्यांनी मान डोलावली. ज्यांना समजलं नाही त्यांनी जास्त डोलावली. स्वामींच्या शिष्याने शकलं गोणीत टाकली. वेदना पिऊन गेलेलं खोबरं खायचं नसतं, ते समुद्राला द्यायचं असतं, असा नियम होता. स्वामी दक्षिणा घेत नसत. ती शिष्य घेत असे.

आमच्या समाजाची बैठक पूर्वीपासून ठरलेली आहे. पुरुष पुढे, बायका मागे खांबांआड, आणि ज्या कामाच्या त्या स्वयंपाकघरात. पुढे बसलेल्या शंभर पुरुषांनी आयुष्यात नारळ पाहिला होता तो बहुतेक चटणी झाल्यावरच. नारळाची ज्यांना माहिती होती त्यांना खांब दिसत होता. एवढ्या भांडवलावर स्वामींचं उत्तम चाललं होतं.

आता शेषगिरी. हा माझा शेजारी, वय बत्तीस, अड्यारच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला होता. डिसेंबरात एका सकाळी तो मद्रासच्या तमाम कारकुनांप्रमाणे चालत्या बसमधून ऐटीत उतरला, आणि ऐट पुरती संपायच्या आत टपालाच्या लाल पेटीवर डोकं आपटून खाली बसला. रक्त नाही, खोक नाही. फक्त अर्धा तास तो भेटेल त्याला "माझा डबा कुठे?" असं विचारत राहिला. डबा त्याच्या हातात होता.

दुसऱ्या दिवसापासून डोकं दुखायला लागलं ते थांबेना. ऊन सोसेना, शेजारचा रेडिओ सोसेना, रगड्यावर इडलीचं पीठ वाटायला घेतलं की हा घराबाहेर. मुद्रितावरच्या ओळी मुंग्यांसारख्या चालू लागल्या. क्ष-किरणांचा फोटो काढला. कवटी शाबूत निघाली, आणि तिथेच त्याचं नशीब फुटलं. छापखान्याचे मॅनेजर म्हणाले, "टाका नाही, फोटोत काही नाही. मग दुखतंय ते नेमकं कुठे, मिस्टर शेषगिरी?"

शेवटी त्याची बायको कनका हिने एक युक्ती केली. त्याच्या धडधाकट डोक्याला तिने रुंद पट्टी बांधून दिली. दोन दिवस बसमध्ये लोक उठून जागा देत होते आणि मॅनेजरांनी खुर्ची पंख्याखाली सरकवली. तिसऱ्या दिवशी पट्टी धुवायला टाकली आणि तो पुन्हा कामचुकार झाला.

डॉक्टर विद्युलता आमच्याच समाजातली. मराठी बोलताना तिचा दर चौथा शब्द तमिळ असतो, पण डोकं ठिकाणावर. तिने शेषगिरीला समजावलं ते कनकाच्या स्वयंपाकघरात बसून.

"हे बघा अण्णा, मडक्यात दही विरजलंय. मडकं आपटलं. मडकं फुटलं नाही, सेरी, ठीक. पण आतलं दही हललं की नाही? फोटोत मडकं दिसतं, दही दिसत नाही. आता त्याला निवांत ठेवायचं. अंधार, झोप. वाचन आधी पाच मिनिटं, सोसलं तर पुढच्या आठवड्यात सहा. आणि दुसरा धक्का अजिबात नको. हे सगळ्यात महत्त्वाचं."

"बरं कधी होणार?" कनकाने विचारलं.

"ठाऊक नाही. काही महिने. कदाचित जास्त."

ती खरं बोलली आणि तिथेच हरली. "ठाऊक नाही" म्हणणाऱ्या डॉक्टरपुढे "शुक्रवारी सव्वासहाला" म्हणणारा स्वामी नेहमी जिंकतो.

शेषगिरीला स्वामींकडे नेलं ते अप्पाजींनी. अप्पाजी आमच्या समाजाचे अध्यक्ष आणि शेषगिरीचे चुलते. घराण्यात एखादा लढवय्या सापडावा म्हणून हे गृहस्थ वीस वर्षं जुनी दप्तरं उलटत होते. दर वेळी एकच पूर्वज निघे, आणि तो तंजावरच्या राजवाड्यात भाज्या निवडायच्या कामावर असे.

स्वामींनी शेषगिरीच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "घोड्याच्या टापा ऐकू येतायत."

"तो रगडा असेल," शेषगिरी म्हणाला.

"घोडा. वर स्वार. नाव मालोजी. जिंजीच्या तटाखाली गोफणीचा धोंडा इथे, बरोबर इथे बसला. स्वार गेला, वेदना राहिली. ती सात पिढ्या फिरून तुझ्या डोक्यात उतरली आहे."

अप्पाजींच्या डोळ्यांना धारा लागल्या. शेषगिरीच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण वेगळ्या कारणाने. पाच महिन्यांत प्रथमच विद्युलता सोडून घराबाहेरचं कोणी त्याला म्हणालं होतं की तुझं दुखतंय.

त्यानंतर पंधरा दिवसांत आमच्या समाजात डोकेदुखीची जी साथ आली तिला तोड नाही. ज्याला त्याला घोडेस्वार हवा होता. वेंकोबा वकिलांच्या पूर्वजाला भाला लागला. संताजीराव मास्तरांच्या पूर्वजाला तोफेचा गोळा लागला, तोही दोनदा. एका सोयरिकीत मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना सरळ विचारलं, "तुमच्याकडे कोणाचं दुखतं का?" पायदळ मात्र कोणाच्याच वाट्याला आलं नाही. जिंजीच्या तटाखाली त्या दिवशी एवढे घोडे कसे मावले असतील, असं मी अप्पाजींना विचारलं. ते म्हणाले, "तुम्हाला श्रद्धा नाही. तुमचं डोकं दुखणार नाही."

शेषगिरीसाठी शुक्रवार ठरला. त्याने विद्युलताच्या गोळ्या बंद केल्या, कारण स्वामी म्हणाले होते की औषधाने वेदनेची तहान मरते. गुरुवारी विद्युलता मला जिन्यात भेटली.

"नारळ म्हणजे अर्धा-पाऊण शेर वजन," ती म्हणाली. "हलका असला तरी हा माणूस हात उगारून मारतो. दुसऱ्याला टेंगूळ येईल. यांना काय होईल सांगता येत नाही. मेंदूत सूज येऊ शकते. जीवही जाऊ शकतो. मी तीनदा सांगितलं त्यांना."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, डॉक्टर, तुम्ही पाच मिनिटं वाचायला सांगता. स्वामी सगळं परत देतो म्हणतात."

शुक्रवारी आम्ही दोघंही गेलो. कनका आमच्या आधीच खांबाला टेकून बसली होती. सकाळपासून ती नवऱ्याला नको म्हणत होती, आणि आता पदराचं टोक चावण्यापलीकडे तिच्या हातात काही उरलं नव्हतं.

अध्यक्षांचा मान पहिला. अप्पाजींना गेल्या सोमवारीच डोकेदुखी मिळाली होती. स्वामींनी गोणीतून नारळ काढला, त्याच्या कमरेभोवती हळदकुंकवाचा जाड पट्टा लिंपला, हात उगारला. खट्. दोन शकलं, सभागृह कोरडं.

"मालोजी, शांत व्हा," अप्पाजी पूर्वजाला म्हणाले. शिष्य शकलं उचलायला वाकला तर त्यांनी एक शकल धोतराच्या सोग्यात घट्ट धरलं. "हे समुद्राला नाही द्यायचं. आमच्या घोडेस्वाराचा प्रसाद आहे. खोबरं किसून साखर घालून सगळ्यांना वाटा."

"अपाय होईल," शिष्य म्हणाला.

"जिंजीला झाला तेवढा पुरे," अप्पाजी म्हणाले, आणि शकल स्वयंपाकघरात पाठवून दिलं.

स्वयंपाकघरात अन्नपूर्णाबाई होत्या. शेषगिरीची आत्या, वय अडुसष्ट. समाजातल्या कुठल्याही लग्नात दोनशे नारळ कानाजवळ हलवून निवडायचे ते त्यांनी. विळीवर शकल धरलं आणि त्या थांबल्या. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्यांदा फिरवला. मग हात न पुसताच त्या बाहेर आल्या.

पुढे शेषगिरी पाटावर बसला होता, डोळे मिटून. स्वामींचा हात वर गेला होता.

"स्वामी, जरा थांबा," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "हा नारळ कोणत्या करवतीने कापला?"

हात वरच राहिला.

"बाई, बायकांनी मागे," अप्पाजी म्हणाले.

"अप्पा, तू गप्प बस. तुझं दुखणं आत्ताच गेलंय ना." त्यांनी शकल समोरच्या वेंकोबा वकिलांच्या हातात दिलं. "कडेवरून बोट फिरवा. फुटलेला नारळ दातेरी असतो. हा गुळगुळीत आहे. आणि हे चिकट लागतंय ना, तो फणसाचा चीक. कापला, पाणी ओतून टाकलं, चिकाने जोडला. सांधा दिसू नये म्हणून वरून हळदकुंकू."

वकिलांनी बोट फिरवलं, बोट चिकटलं, आणि त्यांचा चेहरा साक्षीदार फुटल्यासारखा झाला.

अन्नपूर्णाबाईंनी शिष्याच्या गोणीतून एक नारळ काढला, कानाजवळ हलवला. दुसरा हलवला. तिसरा हलवला. "सगळे मुके," त्या म्हणाल्या. "यांचं पाणी कोणत्या वेदनेने प्यालं? अजून तर कोणाच्या डोक्यालाही लागले नाहीत."

"वेदना दुरूनही पिते," स्वामी म्हणाले. माणूस हुशार, शंका नाही.

"सेरी. मग आपण पाहू." त्यांनी आपल्या पिशवीतला नारळ काढून हलवला. आत पाणी खळखळलं, ते खांबांआडच्या बायकांनासुद्धा ऐकू गेलं. "हा बोलका आहे. तुमच्या डोक्यात वेदना नाही ना?"

"आम्ही वेदनेच्या पलीकडे आहोत."

"बरं झालं. म्हणजे हा तुमच्या डोक्यावर फोडला तर पाणी सांडायला हवं. तुमचाच नियम. सांडलं तर तुम्ही खरे, मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडते. बसा पाटावर. मी फोडते. माझा हात बसलेला आहे."

स्वामींनी नारळाकडे पाहिलं. मग अन्नपूर्णाबाईंच्या मनगटाकडे पाहिलं. ते मनगट चाळीस वर्षं नारळ फोडत आलं होतं.

"आज शुक्रवार," स्वामी म्हणाले. "शुक्रवारी आम्ही आमच्यावर प्रयोग करत नाही."

"शेषावर करता की."

खांबांआडून पहिलं हसू फुटलं. मग दुसरं. मग पुरुषांकडची बाजू गडगडली. स्वामींना एकदम सेंट्रल स्टेशनवरची सातची गाडी आठवली. शिष्य गोणी उचलायला गेला तर संताजीराव मास्तर तिच्यावरच बसून होते. बाळकृष्णराव उठून उभे राहिले आणि खाकरून म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. माझं दुखणं परवाच परत आलंय. दोनशे माणसांसमोर निरोप दिला होता, त्यामुळे जरा संकोच वाटला."

"नारळ लागल्यावर चार घटका बरं वाटतं," विद्युलता म्हणाली. "सगळं सभागृह बघत असलं की आणखी बरं वाटतं. ते टिकत नाही."

सभागृह इतकं हसलं की मागच्या भिंतीवरची तसबीर तिरकी झाली. हसला नाही तो शेषगिरी. तो पाटावर कानांवर हात धरून बसला होता. आवाज त्याच्या डोक्यात घुसत होता. कनका खांबाआडून उठून त्याच्याजवळ येऊन बसली होती.

"म्हणजे माझं पण खोटंच का?" त्याने विचारलं.

या माणसाचं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

विद्युलता त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "नारळ खोटा होता, अण्णा. घोडा खोटा होता. तुमचं डोकं दुखतं ते खरं आहे. मी पहिल्या दिवसापासून मानलंय. कधी थांबेल ते मला अजूनही ठाऊक नाही. पण दर आठवड्याला मी येईन, आणि दर आठवड्याला आपण एक मिनिट वाढवू."

"आणि छापखाना?"

"त्यांना मी पत्र लिहितो," वेंकोबा वकील म्हणाले. "तुम्ही सही करा, डॉक्टर. माझं बोट अजून चिकटतंय, पण लिहिता येईल."

अन्नपूर्णाबाईंनी सभागृहातले पाच दिवे मालवले, दोन ठेवले. कोणाला काही न सांगता त्या आत गेल्या आणि त्यांनी रगडा बंद करायला लावला.

ही गोष्ट एकसष्ट सालची. शेषगिरी बरा झाला असं लिहून ती गोड करता आली असती, पण खोटं लिहायला मी काही स्वामी नाही. नवरात्रापर्यंत तो अर्धा तास वाचू लागला. संक्रांतीला अर्धा दिवस कामावर जाऊ लागला. आजही दमट हवेच्या दिवशी त्याचं डोकं धरतं, तेव्हा तो खिडकीला पडदा ओढून पडून राहतो आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला जातो. दुखण्याबरोबर त्याने संसार मांडला आहे, आणि एकंदरीत बरा चालवला आहे.

आम्हा बाकीच्यांची डोकी मात्र ठणठणीत असूनही शेवटपर्यंत चालली नाहीत, याचं मला वाईट वाटतं. चमत्कार दाखवणारा समोर आला की त्याची वस्तू हातात घेऊन पाहावी. ज्यांना त्या वस्तूची माहिती आहे त्यांना पुढे बसवावं, मग त्या बायका असोत की आचारी. आणि त्याने सांगितलेला नियम आधी त्याच्यावरच लावून पाहावा. एवढ्यावर बहुतेक स्वामींची गाडी सुटायची वेळ होते.

पण याहून मोठं काम घरातलं आहे. जखम दिसत नाही म्हणून कोणाचं दुखणं आपण नाकारलं, की तो माणूस ते मानणाऱ्याचं दार शोधत निघतो. स्वामी त्या दारात बसलेलाच असतो. तेव्हा घरातलं कोणी म्हणालं की दुखतंय, तर त्याला पुरावा मागू नका. बसायला द्या, रेडिओ बंद करा, आणि मग डॉक्टरकडे घेऊन जा.