दम धरा

तरणतलावाच्या भिंतीवर स्नॉर्केलिंग, म्हणजे नळीतून श्वास घेत पाण्यावर पालथे तरंगणे, शिकणाऱ्यांसाठी सूचनांचा फलक होता. त्यातली चौथी सूचना अशी: ‘नळी तोंडात, चेहरा पाण्यात, घाबरू नका, दम धरा.’ लिहिणाऱ्या व्यवस्थापकांना ‘धीर धरा’ एवढेच म्हणायचे होते. शब्दकोशाच्या कार्यालयातून नुकत्याच निवृत्त झालेल्या कोशकारबाईंनी ‘दम’ या नोंदीचे अकरा अर्थ स्वतः लिहिले होते; पाण्यात डोके जाताच त्यांना नेमका सहावा आठवला, आणि त्यांनी श्वास कोंडला.

अर्ध्या मिनिटात त्या खोकत, नाकातोंडात पाणी जाऊन वर आल्या.

“ताई, अगं श्वास घे ना!” धाकटी बहीण शेजारून ओरडली. “नळी काय शोभेला दिलीय?”

काठावर उभ्या व्यवस्थापकांना निदान करायला तेवढे पुरेसे होते. “या वयात पुस्तकंच बरी, बाई. रविवारच्या होडीच्या वहीतून तुमचं नाव खोडतो.”

ती होडी प्रवाळाच्या खडकांकडे जाणार होती. ‘प्रवाळ’ या शब्दाची व्याख्या बाईंनी इतर तीन कोश समोर ठेवून लिहिली होती. प्रवाळ मात्र कधी पाहिले नव्हते. निवृत्तीनंतर त्यांना एवढे एकच पाहायचे होते.

“नाव राहण्याचा निकष काय?” त्यांनी मास्क काढत विचारले. आवाज अतिशय सौम्य होता. तो असा सौम्य झाला की ताई हट्टाला पेटली हे ओळखून बहीण नेहमी दोन पावले मागे सरकत असे.

“तलावाची पूर्ण लांबी. एकदाही डोकं वर न काढता.”

“शनिवारी येते.”

चार दिवस न्हाणीघरातल्या टबात पाणी, पाण्यात चेहरा आणि वर नळी असा अभ्यास चालला.

“ताई, आहेस ना?” दाराबाहेरून प्रश्न येई.

“हूं,” नळी उत्तर देई.

तिसऱ्या दिवशी मर्म सापडले. घाईघाईने घेतलेला तोकडा श्वास नळीतली वापरलेली हवाच पुन्हा आत ओढतो, आणि माणूस जास्तच घाबरतो. श्वास सावकाश, लांब सोडला की पुढचा आपोआप ताजा येतो. म्हणजे धरण्यासारखे काही नव्हतेच, सोडायचे होते.

शनिवारी बाई पालथ्या तरंगल्या आणि निघाल्या. तळाच्या निळ्या फरशा एकेक करून मागे पडू लागल्या. मध्यावर कोणीतरी शेजारी धपकन उडी मारली आणि नळीत पाणी शिरले. सहावा अर्थ पुन्हा हात जोडून उभा राहिला. बाईंनी त्याला हाकलले आणि होता नव्हता तेवढा श्वास एका फुंकरीत बाहेर फेकला. नळीतून कारंजे उडाले. पुढच्या क्षणी हवा आत आली. मग फरशा, आणखी फरशा, आणि हाताला भिंत.

“बघा!” व्यवस्थापक टाळ्या वाजवत म्हणाले. “दम धरलात म्हणून जमलं.”

“दम धरला होता तेव्हा बुडत होते. आज सोडला,” बाई शिडी चढत म्हणाल्या. “मार्कर द्या.”

“अहो, फलक तलावाचा आहे.”

“भाषा नाही.”

बहिणीने व्यवस्थापकांच्याच खिशातून मार्कर उपसला. ओल्या हाताने बाईंनी दोन शब्द खोडले आणि कोशातल्या नोंदीसारख्या नेटक्या अक्षरात लिहिले: ‘श्वास थांबवू नका. सावकाश, लांब सोडा.’ नंतर वहीतल्या आपल्या नावापुढे मोठा थोरला टिळा वाटावा एवढी बरोबरची खूण केली.

रविवारी समुद्रात चेहरा बुडवताच कानांत फक्त आपलाच श्वास राहिला. खाली जांभळ्या फांद्या होत्या, आणि फांद्यांच्या टोकांशी केसाएवढ्या असंख्य बोटांनी काहीतरी वेचणारे इवले जीव. बाई कितीतरी वेळ वर आल्याच नाहीत.

आल्या तेव्हा बहीण होडीच्या कडेला टेकून वाट पाहत होती. “काय गं, कसं आहे?”

“माझी व्याख्या चुकलीय,” बाई आनंदाने ओरडल्या. “‘कठीण पदार्थ’ लिहिलं होतं मी. जिवंत आहे ते!”

“अरे देवा. आता ही चूक कळवायला कोणाला पत्र लिहिणार?”

“मलाच. पण आधी नीट पाहू दे.”

आणि नळी दातांत धरून त्या पुन्हा पालथ्या झाल्या.