नवरंगाच्या घळीतला खोटा पाहुणा

मी एक जुना, मुठीएवढा स्पीकर आहे. मित्रांनो, मला स्वतःचा आवाज नाही. जो भराल, तो माझा.

सीतापुऱ्याच्या कारखान्यात माझी जुळणी झाली. प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या विनयाताईंनी मला विकत घेतले आणि माझ्यात नवरंग पक्ष्याची शीळ भरली. आमेरच्या मागे एक संरक्षित घळ आहे. तिथल्या ‘धोक’ नावाच्या झाडांत नवरंग जूनअखेरीस दक्षिणेतून येतो आणि घरटे बांधतो. मी शीळ घातली की हद्द राखणारा नर उलट उत्तर देई. अशी उत्तरे मोजून ताई नरांची संख्या ठरवत. एका जागी अर्धे मिनिट वाजायचे, मग गप्प, हा नियम होता. वनरक्षक सुखदेवजी चिडवत, की मॅडमचा हा नवरंग बॅटरीवर गातो, अंडी मात्र घालत नाही. आमच्या मोजणीचे एका सभेत कौतुकही झाले.

गेल्या जुलैत एक नर फार जवळ आला. त्याच्या पायात ओळखीसाठी घातलेले रंगीत कडे होते. आदल्या वर्षीचाच हा नर आहे का, हे ताईंना जाणून घ्यायचे होते. पण कड्याचा रंग पानांआड नीट दिसेना. त्यांनी मला पुन्हा वाजवले. पुन्हा. तो फांदीफांदीवर मला शोधत राहिला.

“मॅडमजी, बस करो,” सुखदेवजी हळूच म्हणाले. “अंडे छोडकर आया होगा बेचारा.”

ताई म्हणाल्या, आता शेवटचेच. त्या शेवटच्यानंतर मी आणखी चार वेळा वाजलो. कडे हिरवे निघाले. तोच नर होता. ताई हसल्या.

परतताना खडकामागे सुखदेवजी थांबले. काटक्यांचे गोल घरटे एका बाजूने फाटले होते. टकाचोर पक्षी चोच पुसून उडाला. खाली चार अंड्यांची टरफले होती.

ताईंनी वहीत लिहिले : ‘घरटे नष्ट. कारण : मी.’

खरे तर ओरडत होतो मी.

तेव्हापासून मी मानसरोवर वसाहतीतल्या ताईंच्या घरात, खणात पडून आहे. या जूनपासून ताई नुसते कान घेऊन घळीत जातात. नवरंग परत आला का, ते मला कुणी सांगत नाही.

मित्रांनो, जंगलात गेलात तर कुणालाही खोट्या हाका मारून बोलावू नका. पक्षी दिसला नाही, तर ‘दिसला नाही’ एवढेच लिहा आणि घरी या. कदाचित तो अंड्यांवर बसलेला असेल.