पायांचा तास

जूनपासून सातवीची मुलं वर्गात शिरताना पाय बाहेर काढून ठेवू लागली. आधी चपला काढत, आता पाय. बाकाखाली पाय हलत राहतात आणि गणितात लक्ष लागत नाही, असं पालकसभेत ठरलं होतं. व्हरांड्यात चपलांसाठी लाकडी मांडणी होती, तिच्यावर चाळीस जोड व्यवस्थित बसले.

खेळाच्या वाघचौरे बाईंनी हरकत घेतली नाही. कुठल्या तोंडानं घेणार? पीटीचा पहिला तास गणिताला त्यांनीच देऊन टाकला होता, परीक्षेपुरता म्हणून, वर हसून. तो तास काही परत आला नाही. मुख्याध्यापक दिघे सर तसे समजूतदार. त्यांनी सुचवलं की मुलं गणिताकडे राहू देत, पाय तुम्ही घ्या, म्हणजे कुणाचंच नुकसान नको.

मग बाई रोज तिसऱ्या तासाला पाय मैदानावर नेऊ लागल्या. पाय रांगेत येत, दोन फेऱ्या मारत, लंगडी खेळत. बाद झालेला पाय भांडत नसे, मुकाट्यानं बाजूला होई. पाणी प्यायला जाऊ का म्हणून कुणी भंडावून सोडत नसे. इतका गुणी वर्ग बाईंना बावीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता आणि इतका थकवाही कधी आला नव्हता. नुसत्या पायांना शाबासकी तरी काय द्यायची, हे त्यांना कळत नसे.

शाळा सुटली की मुलं हातांवर चालत येत आणि आपापले पाय लावत. दिवाळीनंतर एकेक करत ती येईनाशी झाली. पुढे क्लासला जायचं, तिथंही काढायचेच, मग ही उठाठेव हवी कशाला, असं म्हणत आया मुलांना कडेवर घेऊन जात. मुलं हलकी झाली होती, त्यामुळे जडही जात नसे. संध्याकाळी मांडणीवर एकोणचाळीस जोड तसेच उरत.

चाळिसावा जोड चारूचा. चारू बाईंची मुलगी. बाई तिला रोज समोर उभं राहून पाय लावायला लावत. ती कुरकुरत लावी आणि घरी पोचताच उंबऱ्याबाहेर काढी. नाताळच्या सुट्टीनंतर तीही टाळाटाळ करू लागली, आणि बाईंच्यात रोज वाद घालण्याचं त्राण उरलं नव्हतं.

जानेवारीत तालुक्याच्या स्पर्धा झाल्या. चारूचे पाय आठशे मीटरमध्ये पहिले आले. पदक घालायला गळा नव्हता, म्हणून पंचांनी ते डाव्या घोट्याला बांधलं. चारूची त्या दिवशी सराव परीक्षा होती. बाई त्या पायांना कवटाळून ढसाढसा रडल्या आणि त्यांना घेऊन तडक वर्गाच्या दाराशी आल्या.

"चारू, बघ तरी. पहिले आलेत. लाव."

चारूनं पेन खाली ठेवलं आणि पायांना हात लावून पाहिला.

"हे माझे नाहीत, आई. माझे एवढे मोठे नव्हते."

"तुझेच आहेत गं. वाढलेत."

तिनं लावून पाहिले. बसेनात. पोटऱ्या भरलेल्या, टाचा घट्ट, आणि चारू जूनमध्ये होती त्याहून लहान. दिघे सर म्हणाले, होतं असं, पुढच्या वर्षी बघू. आज बसले नाहीत तर हे कधीच बसायचे नाहीत, हे बाईंना स्पष्ट कळलं. घरी नेऊन तेल लावून बघावं, एवढंच त्यांना सुचलं.

चारूला पाठुंगळी घेऊन त्या फाटकाबाहेर पडल्या. पाय पुढे चालत होते. बाजारपेठेच्या चढावर ते पळू लागले. बाईंनी हाक मारली. पाय रोज त्यांचं ऐकत, आज त्यांनी ऐकलं नाही. मग गुडघे ठणकत असताना बाईही पळू लागल्या. चढ संपेना. पाय वळणापर्यंत पोचले होते.

"आई, थांब ना," चारू त्यांच्या मानेवर डोकं टेकत म्हणाली. "मला दम लागलाय."