कमरेएवढी मुलं

"उचला, बाई. रिकामं आहे, मी बघितलंय. पण तुम्हीही बघायचं."

रॉयस डनलॅपने आपल्या बंदुकांच्या दुकानात काउंटरवर जाड कापड अंथरून त्यावर एक छोटं काळं पिस्तूल ठेवलं होतं. नेडा हॉकिन्सनबाईंनी चष्मा वर सारला, पण हात पुढे केला नाही.

"तू बघितलंस ना?"

"तरी बघायचं. तुम्हीच शिकवलंय. गणित सुटलं तरी पुन्हा तपासा म्हणायचात."

"आणि तू कधी तपासलं नाहीस."

"म्हणून तर दुकान काढलं," रॉयस म्हणाला, आणि दोघंही हसले. तेवढं हसून झाल्यावर बाईंना ते उचलावंच लागलं.

रॉयस चाळिशीला आला होता. छातीपर्यंत दाढी, दंडावर गोंदलेलं हरिण. पण पहिलीत असताना तो बाईंच्या वर्गात रंगीत खडू गिळून बसला होता, हे बाई विसरल्या नव्हत्या. आता त्याची टिली त्याच वर्गात होती, जवळजवळ त्याच बाकावर.

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या त्या टोकाला शाळा म्हणजे दोन खोल्या, एक झेंडा आणि चहूबाजूंनी गवत. शेरिफची, म्हणजे पोलिसांची, गाडी यायला रस्ता कोरडा असला तरी अर्धा तास लागे. बर्फ असला तर विचारायलाच नको. कुठल्या ना कुठल्या शाळेत कोणी घुसून गोळीबार केल्याच्या बातम्या येतच होत्या, म्हणून फेब्रुवारीत शाळा मंडळाची बैठक झाली आणि ठरलं की दोन शिक्षिकांपैकी एकीने पिस्तूल बाळगायचं. कपड्यांच्या आत, अंगावरच. कपाटात ठेवलेलं वेळेवर हाती लागत नाही. आणि मुलांना कळता कामा नये. ते कोणाकडे आहे हे गुपित राहिलं, तरच त्याचा उपयोग.

दुसरी शिक्षिका कोरीन तेवीस वर्षांची. तिने ते ऐकूनच रडायला सुरुवात केली. मग सगळ्या माना नेडाबाईंकडे वळल्या. पूर्वी एकदा झोपाळ्यांपाशी पिसाळलेला कोल्हा आला होता, तेव्हा बाईंनी शाळेच्या शिपायाची बंदूक घेऊन खिडकीतून एका गोळीत त्याला आडवा केला होता. मुलं तेव्हा आत बसून टाळ्या वाजवत गाणं म्हणत होती. गाणं बाईंनीच म्हणायला लावलं होतं. ती गोष्ट गावात अजून सांगितली जात होती.

त्या बैठकीत रॉयस उठून म्हणाला होता, "कोणीच बाळगणार नसेल, तर मी टिलीला शाळेत पाठवणार नाही." त्याच्यामागे आणखी चार बाप उठले. एवढी मुलं गेली असती तर शाळेला कुलूपच लागलं असतं. बाई 'नाही' म्हणायला उभ्या राहिल्या होत्या. पण तोंडून निघालं, "बरं."

"हे लहान आहे," आता रॉयस समजावत होता. "लपतं छान. पण लहान पिस्तूल हातात उसळतं जास्त. लोकांना वाटतं, पहिलं पिस्तूल छोटंसं बरं. उलट असतं. हे दुसरं बघा, मूठ भरून येतं. जरा फुगेल कपड्यात, पण ताब्यात राहील."

"आणि हा वरचा भाग मागे ओढायचा? माझ्या बोटांत सांधे आहेत की गंजलेल्या बिजागऱ्या, देव जाणे."

"ओढू नका. तो भाग घट्ट धरून ठेवा आणि दुसऱ्या हाताने मूठ पुढे ढकला. हां. घाई नको, बाई. पहिल्यांदा कोणालाच जमत नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हे वाक्य त्या वर्षानुवर्षं मुलांना कात्री धरायला शिकवताना म्हणत आल्या होत्या. अगदी याच आवाजात.

दुसऱ्या खेपेला जमलं. दुकानामागच्या मातीच्या बांधावर त्यांनी दोन्ही पिस्तुलं चालवून पाहिली. छोट्याने मनगटाला हिसका दिला, मोठं निमूट राहिलं. निशाणाच्या कागदावरची भोकं एकमेकांना चिकटून पडली.

"वा, बाई!" रॉयस मनापासून म्हणाला. "हात अजून तसाच आहे."

बाईंना कागदाकडे बघवेना.

आत आल्यावर रॉयसने कडक चामड्याचं कव्हर काढलं. "याने चाप पूर्ण झाकला जातो. चुकून काही होणार नाही. हे उजव्या कमरेला, असं, आणि वर तुमचं लोकरीचं जॅकेट." तो हात पुढे नेऊन जागा दाखवायला गेला आणि थांबला. जॅकेटवर नेमकं तिथेच, कमरेपाशी, एक छोटा जांभळा पंजा उमटलेला होता.

"जॅम," बाई म्हणाल्या. "तुझ्या टिलीचा. डबा खाल्ला की पळत येते आणि इथेच मिठी मारते. सगळीच मारतात. कमरेएवढी तर आहेत."

रॉयसने दाढी खाजवली. "मग मागे, पाठीशी?"

"मागून जॅकेट धरून आगगाडी करतात. मैदानात जायचं असतं ना."

"पुढे?"

"पुढे तोंड खुपसून रडतात."

"पायाला, घोट्यापाशी? पँट घालायची."

"गोष्टीच्या वेळी मी सतरंजीवर बसते, रॉयस. कोणी ना कोणी पायावर रेललेलं असतं. तू तर माझ्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधायचास."

"काखेत..."

"कोणाला ताप आला की तिथे डोकं टेकून झोपतं. आणि पर्सचं नावही काढू नकोस, रुमालासाठी तिच्यात हात घालायची सगळ्यांना मुभा आहे."

रॉयस बराच वेळ काउंटरवरचं कव्हर नुसतं फिरवत राहिला. दुकानात सगळ्या मापांची कव्हरं टांगलेली होती.

"दुसरं कोणी असतं, तर मी काहीतरी सुचवलं असतं," तो शेवटी म्हणाला. "लोकांना कोणी एवढं हात लावत नाही, बाई."

"मग राहू दे का? मंडळाला जाऊन सांगू?"

हे विचारताना बाईंच्या आवाजात आशा आली, ती त्यांनाही ऐकू आली. रॉयसने मान वर केली. त्याचे डोळे ओले होते. एवढ्या मोठ्या माणसाचे ते डोळे बाईंना ओळखीचे वाटले.

"मला रात्रीची झोप नाही, बाई. ती शाळेत गेली की घरी येईपर्यंत मी फोन हातातून ठेवत नाही. तुमच्याकडे ते आहे एवढं कळलं, तर... तुम्हीच सांगा, मी काय करू?"

समजा तसा दिवस उगवलाच आणि आपला हात रिकामा असला तर? त्यांनी टिलीच्या पंजावरून अंगठा फिरवला. डाग वाळला होता.

"उजव्या कमरेला," त्या म्हणाल्या. "मोठंच दे."

सोमवारी बाईंनी नवं, सैल जॅकेट घातलं. वर्गाच्या दारात उभ्या राहून त्यांनी हसऱ्या चेहऱ्याने जाहीर केलं, "आजपासून आपण मोठ्या माणसांसारखं भेटायचं. हात मिळवायचा!" मुलांना ते आवडलं. ऑटिसने इतका जोरात हात हलवला की त्याची टोपी पडली. सगळे हसले. बाईंना वाटलं, निभावलं.

डबे खाऊन झाल्यावर टिली पळत आली, दोन्ही हात पसरून, मान खाली घालून, नेहमीसारखी. बाई अर्ध्या वळल्या. कोपर कमरेशी घट्ट दाबून धरलं आणि दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवून तिला हातभर अंतरावर थांबवलं.

"हात मिळवायचा ना, टिली?"

टिलीने बाईंकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. बोटांना जॅम होता. ती वळली आणि कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली. पायाखाली स्टूल ओढून घेतलं. बराच वेळ नळ वाहत राहिला.

ती परत आली तेव्हा बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. तिने दोन्ही तळवे बाईंसमोर उंच धरले.

"धुतले, बाई. बघा."

बाई तिथेच उभ्या होत्या, कोपर तसंच दाबलेलं. मग, पुन्हा तपासायचं असतं म्हणून, तिने हात उलटे करून मागची बाजूही दाखवली.