पत्र्यावर वाळवलेला बूट

मी एक जुना बूट आहे, उजव्या पायाचा. माझा जोडीदार डावा फार सोशिक आहे, म्हणून बोलायचे काम माझ्याकडे आले. मित्रांनो, आधीच सांगतो, मी गोड बोलणार नाही. ज्या घरात मी राहिलो तिथे बहीण-भाऊ एकमेकांचे तोंड पाहत नसत, आणि त्यांचा राग मी माझ्या अंगावर झेलला आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वर निळे जाळीदार कापड, खाली रबराचा तळ आणि दोघांना धरून ठेवणारा गोंद. हा गोंदच माझा प्राण आहे, हे मला फार उशिरा कळले.

शहरात पैठण गेटजवळच्या दुकानातून माऊलीने मला विकत घेतले. मोसंबीची बाग वाळून गेल्यावर हे कुटुंब पाचोड हे गाव सोडून शेंद्र्याच्या कारखान्यांजवळ राहायला आले होते. पत्र्याच्या दोन खोल्या, आई आशाबाई, थोरला माऊली आणि धाकटी मोनिका. माऊली पोलीस भरतीची तयारी करत होता. पहिला आठवडा तो मला रुमालाने पुसायचा आणि उशाशी ठेवायचा. मला वाटले, आपले नशीब उघडले.

पण त्याचे प्रेम महिनाभरच टिकले. पुढे तो नाडी न सोडताच एका टाचेने दुसरी टाच दाबून मला पायातून ओरबाडू लागला. माझी मागची कड मोडली. घाम आत मुरला, मला कधी वाऱ्यालाही ठेवले नाही. भरतीच्या दिवशी तो धावण्यात थोडक्यात मागे पडला. त्या संध्याकाळी त्याने आम्हा दोघांना मुरमाच्या चिखलासकट न्हाणीमागे भिरकावले. पुढे त्याचे भरतीचे वय उलटले. तो एका कंपनीत कंत्राटी कामाला लागला, आणि पोलीस हा शब्द घरात कुणी काढेना.

दोन वर्षे मी तिथे पडून होतो. माझ्यात कोळ्यांनी जाळी केली. मी माऊलीचा द्वेष करायला तिथेच शिकलो.

मग ते कोरडे वर्ष आले. टँकर चार दिवसांतून एकदा यायचा. मोनिका एकवीस वर्षांची, उंच, लांब पायांची. तिने भरतीचा अर्ज भरला होता आणि अनवाणी धावून तिच्या टाचा फुटल्या होत्या. एके सकाळी ती न्हाणीमागे आली, तिने मला उचलले आणि जमिनीवर दाणदाण आपटले. मला वाटले, हीसुद्धा भावासारखीच. पण ती वाळलेला चिखल झाडत होती.

बादलीभर पाणी बुटांवर घालवणे त्या घरात पाप होते. तिने दातांच्या जुन्या ब्रशने माझे जाळीदार कापड घासले. ओल्या फडक्याने तळ पुसला. आतली गादी काढून वेगळी वाळवली, नाड्या भांडी धुतलेल्या पाण्यात खळबळून घेतल्या. माझ्या पोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि मला माठाच्या आडोशाला सावलीत ठेवले. आत दोन मोजे घातले की मी तिच्या पायाला बरोबर बसायचो.

माऊली कामावरून आला. तिच्या पायात त्याने मला ओळखले.

"माझे बूट हायेत. काढ."

"टाकून दिले होते तू."

"टाकीन नाय तर जाळीन. तुला कुणी हात लावायला सांगितला?"

मोनिका काढेना. त्या दिवसापासून दोघे बोलायचे बंद झाले. जेवताना एकाने ताटली उचलली की दुसरा बसायचा. आशाबाई कंपनीच्या बागेत झाडांना पाणी घालायला जायची आणि घरी येऊन रिकाम्या हंड्यांकडे पाहायची. तिने दोघांना समजावून पाहिले, मग सोडून दिले.

शेंद्र्याच्या आसपास शेतांचे प्लॉट पडले होते. घर एकही नाही, पण रस्ते आखलेले, कडेला पांढरे दगड रोवलेले. मोनिका पहाटे त्या रस्त्यांवर धावायची. तिथला राखणदार तिला हुसकावून लावायचा, ती दुसऱ्या टोकाने पुन्हा शिरायची. परत आली की आधी मला झटकायची, मग स्वतः पाणी प्यायची. रोज. माझी मोडलेली कडसुद्धा तिने आतून जुन्या जीन्सचा तुकडा लावून सरळ केली. मित्रांनो, जुने पुन्हा नवे होत नाही. पण जपले तर उभे राहते.

मैदानी चाचणीच्या आदल्या दुपारी ती कागदपत्रांच्या झेरॉक्सला गेली होती. माऊली घरीच होता. त्याने चुलीवर पाणी तापवले. चार दिवसांच्या साठ्यातली अर्धी बादली, त्यात मूठभर धुण्याची पावडर, आणि त्यात आम्ही दोघे. मग त्याने आम्हाला तसेच निथळते उचलून पत्र्यावर उन्हात टाकले. तो पत्रा तव्यासारखा तापला होता. माझा गोंद आधी मऊ पडला, मग सुटला. मोनिका आली तेव्हा माझा पुढचा तळ जिभेसारखा लोंबत होता.

"धुऊन दिले तुला," माऊली म्हणाला. "चांगलं केलं तरी तोंड वाकडं."

मोनिकाने कोपऱ्यातली पिशवी ओढली. तीत आम्हा दोघांना घालून ती जालना रोडच्या कडेला बूट शिवत बसणाऱ्या कचरूकाकांकडे गेली. काकांनी मला उलटेपालटे केले आणि तिलाच झापले. गरम पाणी कुणी घातले, उन्हात कुणी टाकले, बूट म्हणजे पापड आहे का? तिने भावाचे नाव सांगितले नाही. गोंद आता रात्रीतून धरणार नाही, म्हणून त्यांनी आरीने भोके पाडून मेणाच्या दोऱ्याने माझा तळ चहूबाजूंनी शिवला. मला फार दुखले. डावा बरा होता, त्याचे दोन टाक्यांवर भागले.

दुसऱ्या दिवशी मैदानावर शंभर मुलींमध्ये सगळ्यांत विद्रूप बूट मीच होतो. एक मुलगी बोट दाखवून हसली. मग शिट्टी झाली. आठशे मीटर. दुसऱ्या वळणावर माझ्या आतल्या दोऱ्याची गाठ मोनिकाच्या करंगळीला कापू लागली. मला थांबता येईना, तिला थांबायचे नव्हते. तिचे रक्त मोज्यातून माझ्यात उतरले. शेवटच्या शंभर मीटरला एक टाका तुटला, बाकीच्यांनी धरून ठेवले. ती तिसरी आली.

पुढे लेखी परीक्षाही झाली, आणि महिन्याभराने निवडीच्या यादीत तिचे नाव लागले. शेजारी पेढे मागायला आले. माऊली दारात उभा होता. सगळे गेल्यावर तो म्हणाला, "बूट माझे होते."

"व्हय, तुझे होते," मोनिका म्हणाली. "धावले मी."

तिने आम्हाला स्वच्छ पुसून त्याच्या पुढ्यात ठेवले. आता तिला सरकारी बूट मिळणार होते. माऊलीने आमच्याकडे पाहिलेही नाही. ती प्रशिक्षणाला गेली तेव्हा तो कामावर होता, मुद्दाम जादा पाळी मागून घेऊन. आम्ही उंबऱ्याशी धूळ खात राहिलो, आणि मला वाटले, पुन्हा न्हाणीमागची ती दोन वर्षे सुरू झाली.

नवव्या दिवशी आशाबाई बागेतून आली. उंबऱ्यावर बसून तिने तळपायात रुतलेला बाभळीचा काटा काढला. मग माऊलीला विचारले, "तुमचं दोघांचं भांडून झालं आसंल तर मी घालू का?"

 माऊली आईच्या पायांकडे पाहत राहिला.

आशाबाईने माझ्या टोकात चिंधी कोंबली, नाडी नीट बांधली आणि नऊवारीच्या काठाखाली निळे बूट घालून निघाली. बागेतल्या बाया हसतात. हसू देत. आली की ती मला झटकते आणि सावलीत ठेवते. माऊलीला मी अजून माफ केलेले नाही.

मित्रांनो, मला तुमची कीव नको. मला वापरा, झिजवा, त्यासाठीच मी आहे. पण आम्ही ओले असू तर सावलीत वाळवा, टाका उसवला तर त्याच दिवशी शिवून घ्या, आणि नाडी सोडून मगच पाय काढा. तुमचा राग ज्याच्यावर असेल त्याला तोंडावर सांगा. आमच्यावर काढू नका. तुम्ही भांडत बसता तेव्हा त्याच घरात कुणीतरी अनवाणी चालत असते.