सरोजच्या वाफाऱ्याची तपेली

मी एक जुनी पितळी तपेली आहे. बुडाला काळी, काठाला चेपलेली, डोंबिवलीच्या एका घरात माळ्यावर उपडी पडलेली. हसू नका, मित्रांनो! माझेही दिवस होते.

ठाण्याच्या कासाराकडून मंदाकिनीबाईंनी मला घासाघीस करून आणलं. मी दूध तापवलं, चहा उकळला, दूध उतू गेलं की बोलणीही खाल्ली. पण माझं खरं काम सुरू झालं ते त्यांच्या सुनेच्या, सरोजच्या पहिल्या खेपेला.

तेव्हा, म्हणजे एकोणीसशे पंच्याऐंशीच्या सुमाराला, घरामागे नुसतं माळरान होतं. पाऊस सरला की गवत फुलायचं आणि सरोजच्या शिंका सुरू. डोळे लाल, नाक चोंदलेलं, जीव मेटाकुटीला! एरवी ती दुकानातून गोळी आणून गिळायची. यंदा पोटात बाळ होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "मला विचारल्याशिवाय एकही गोळी नाही. सकाळी खिडक्या लावा, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवा, वाफ घ्या. दम लागला तर मात्र तडक या."

झालं! रोज मंदाकिनीबाई मला स्टुलावर नीट टेकवत, "फार वाकू नकोस गं, भाजेल," म्हणत, आणि सरोज डोक्यावरून टॉवेल घेऊन माझ्यासमोर बसे. आत आम्ही दोघीच. तिथं ती रडायची. बाहेरच्यांना वाटे, वाफेनं डोळ्यांत पाणी आलं. तिची आई आदल्या वर्षी गेली होती. "तुझ्या डोहाळजेवणाला मी तुला फुलांनी मढवीन," असं ती नेहमी म्हणायची. सरोजला ती फुलं हवी होती. खरं तर आईच हवी होती, पण ती कुठून आणायची?

डोहाळजेवण ठरलं. रतननं, म्हणजे नणंदेनं, हौसेनं कल्याणच्या माळ्याकडे शेवंती-निशिगंधाचे दागिने सांगितले. आणि एका दुपारी सरोजनं डब्यातली जुनी गोळी काढली. मंदाकिनीबाईंनी तिचा हात धरला.

"अगं, हे काय?"

"आजपासून घेते आई, म्हणजे त्या दिवशी फुलं सोसतील. मला फुलांच्या दागिन्यांची वाडी भरून हवीय हो! माझी आई..."

मंदाकिनीबाई रागावल्या नाहीत. तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी गरोदरपणात चालणारी गोळी दिली, पण फुलं नाकाजवळ नकोतच म्हणाल्या.

"फुलं नाहीत तर नाहीत, वाडी भरणारच!" घरी येऊन मंदाकिनीबाईंनी पदर खोचला. माझ्यात साखरेचा पाक झाला. मंद आचेवर परातीत त्या हलवा करत बसल्या. बोटं पोळली, पण बाईंनी हलव्याला काटा आणलाच!

"अहो, संक्रांतीला अवकाश आहे की!" शेजारच्या जाईबाई चिडवायला लागल्या.

"आमच्याकडे यंदा लवकर आलीय," मंदाकिनीबाई ठसक्यात म्हणाल्या.

डोहाळजेवणाच्या दिवशी सरोजच्या अंगावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचा मुकुट, हार, बाजूबंद! तिनं सासूची ती पोळलेली बोटं डोळ्यांना लावली आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं रडली. एकही शिंक आली नाही.

पुढे मुलगी झाली, गुटगुटीत. मग घरात स्टील आलं, वाफेचं यंत्र आलं, आणि मी माळ्यावर गेले. माझ्या इतकं जवळ पुन्हा कुणाचं तोंड आलं नाही. फार आठवण येते हो!

मित्रांनो, मला कल्हई केली नाहीत तरी चालेल. पण घरात कुणी गरोदर असेल, तर गोळी द्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा. आणि मनातून काय हवंय, ते तिला विचारा.